इंधनालाही फॅट लावा

शिरोळ तालुक्यातल्या मामांच्या गावी संध्याकाळी साडेसहाला दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग लागते. आत बसलेला पोरगा प्रत्येक किटलीतलं चमचाभर दूध मशीनला लावतो, आकडा उमटतो, चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असतो आणि शेवटी रुपये. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट धरून, गाईच्या दुधाचा साडेतीन धरून. फॅट चढली की दर चढतो, उतरली की उतरतो. चार लिटर घालणाऱ्या म्हातारीलाही हे गणित तोंडपाठ असतं. एखाद्या दिवशी फॅट दोन-तीन पॉइंटनी घसरली तर ती ‘आधी मशीन तपासा’ म्हणून तिथेच ठाण मांडते, आणि मागची रांग मुकाट उभी राहते.

तिथून कोल्हापूरला परत येताना मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरतो. पंपावरचा मुलगा म्हणतो, ‘‘झिरो बघा, साहेब.’’ मी झिरो बघतो. लिटर पूर्ण मिळाला की आपण समाधानाने डिकी बंद करतो. त्या लिटरात काय आहे, किती ताकदीचं आहे, हे विचारायची पद्धतच नाही. नोझलजवळ कुठेतरी ‘ई20’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (उसापासून, मक्यापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. जिथे दूध फॅटवर घेतात आणि उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने बांधलेला किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते, त्याच मुलखात इंधन मात्र नुसतं मापाने विकलं जातं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फ्लेक्स-फ्युएल गाड्यांची चाललेली चर्चा. पेट्रोल, ई20, ई85, ई100 म्हणजे शंभर टक्के इथेनॉल, काहीही घाला, गाडी चालेल. आणि इथेनॉल स्वस्त असल्यामुळे तुमचे पैसे वाचतील, असं सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे, तंत्र उत्तम आहे. दुसऱ्या भागाबद्दल माझं म्हणणं असं, की बचत इंजिनात नसतेच, ती पंपावरच्या दरफलकात असते. आणि भारतातल्या 2025 च्या दरांवर हिशेब मांडला तर ती बचत गाडीवाल्याच्या खिशापर्यंत पोचत नाही. पोचवायची असेल तर इंधनाला फॅट लावावी लागेल.

आधी फॅट म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये 21 च्या थोडी वर. म्हणजे पेट्रोलच्या दोन तृतीयांश. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमधली ऊर्जा पावणेसात टक्क्यांच्या आसपास कमी होते. ई85 मध्ये ती पेट्रोलच्या तुलनेत अठ्ठावीस-एकोणतीस टक्क्यांनी घटते. अमेरिकेचं ऊर्जा खातंही फ्लेक्स-फ्युएल गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ई85 वर 15 ते 27 टक्क्यांनी कमी पडतं असंच सांगतं. तिथल्या ई85 मध्ये इथेनॉलचं प्रमाण हंगामानुसार 51 ते 83 टक्के बदलतं, म्हणून इतका मोठा पल्ला.

इथेनॉलची जमेची बाजूही सांगायला हवी. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, शंभरच्या वर आहे, आणि बाष्प होताना ते सिलिंडरमधली हवा चांगली थंड करतं. त्यामुळे जास्त कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण जास्त दाबणारं, इंजिन बांधता येतं आणि गेलेल्या ऊर्जेतली थोडी परत मिळवता येते. अडचण अशी की फ्लेक्स-फ्युएल इंजिनाला दोन्ही इंधनांवर चालायचं असतं. फक्त इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून कॉम्प्रेशन वाढवावं तर कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते ठोकायला लागणार. म्हणून रचना मधलाच मार्ग काढते, आणि ऊर्जेचा तोटा बराचसा तसाच राहतो. थंडीत इथेनॉलवर गाडी चालू व्हायला कुरकुर करते हा आणखी एक मुद्दा, पण निफाडची जानेवारीतली पहाट सोडली तर महाराष्ट्रात त्याची फारशी काळजी नको.

माझ्या डिकीत एक वही आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल करताना किलोमीटर आणि लिटर लिहितो. वडिलांची सवय, त्यांच्या वहीत तर टायरमधल्या हवेचीही नोंद असायची. माझ्या वहीप्रमाणे पूर्वी पन्नासच्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर आलं आहे. मी याला पुरावा मानत नाही. स्कूटरही म्हातारी होते, कोल्हापूरच्या रस्त्यांवर खड्डे वाढतात, आणि तीन किलोमीटर तर हवा कमी असली तरी जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ‘माझं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं’ असं लिहिलं तर त्यावरही विश्वास ठेवू नये. वीस टक्के इथेनॉलने निम्मं अ‍ॅव्हरेज जाऊच शकत नाही. अफवेला वहीने उत्तर देता येतं, पण तशीच वही सरकारलाही दाखवता आली पाहिजे.

आणि सरकारकडे ती वही आहे. नीती आयोगाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा 5 जून 2021 रोजी प्रसिद्ध झाला. त्यात लिहिलं आहे, की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई20 वर सहा-सात टक्के घटेल, तशाच दुचाकींचं तीन-चार टक्के, आणि ई10 साठी बनवून ई20 ला जुळवलेल्या चारचाकींचं एक-दोन टक्के. त्याच आराखड्यात पुढे म्हटलं आहे की जास्त इथेनॉलच्या इंधनाची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असायला हवी, म्हणजे उष्मांकातली घट भरून निघेल. म्हणजे मी इथे जे मागतो आहे ते विरोधकांच्या भाषणातलं नाही, सरकारी अहवालातलंच आहे. गंमत अशी की त्याच दिवशी पुण्यात तीन ठिकाणी ई100 विकण्याचा पथदर्शी प्रकल्पही सुरू झाला. अहवालातला पंपाचा भाग उचलला गेला, दराचा भाग पानावरच राहिला.

ई20 वर दर कमी न करण्याचा अर्थ साधा आहे. महाराष्ट्रात 2025 मध्ये लिटरला साधारण 104 रुपये असलेल्या पेट्रोलमधली तीन-चार टक्के धाव गेली, तर तीन-चार रुपयांची भाववाढ झाली. फलकावरचा आकडा तोच राहतो, म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. बिस्किटाच्या पुड्याची किंमत पाच रुपयेच ठेवायची आणि आतली दोन बिस्किटं कमी करायची, त्यातलाच हा प्रकार.

आता फ्लेक्स-फ्युएलकडे येऊ. समजा तुमच्याकडे अशी मोटारसायकल आहे आणि पंपावर ई20 आणि ई85 दोन्ही नोझल आहेत. ई20 च्या तुलनेत ई85 च्या लिटरमध्ये साडेशहात्तर टक्के ऊर्जा आहे, ई100 मध्ये 71 टक्के. म्हणून ई20 चा दर 104 असेल तर ई85 साधारण साडेएकोणऐंशी रुपयांच्या खाली आणि ई100 साधारण 74 च्या खाली मिळालं, तरच तुमचा फायदा. त्याच्या वर एक रुपयाही गेला की तुम्ही देशसेवा करता, बचत नाही.

तर मग इथेनॉल पडतं केवढ्याला? पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्वतःच सांगितलं, की 2024-25 च्या पुरवठा वर्षात 31 जुलैपर्यंत तेल कंपन्यांना इथेनॉल वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी 71 रुपये 32 पैसे लिटरने पडलं. त्याच खुलाशात हेही होतं, की नीती आयोगाचा अहवाल आला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, 2025 मध्ये ते रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग झालं होतं. खुलासा दर कमी का करता येत नाही हे पटवण्यासाठी होता. पण त्याच आकड्याने ‘स्वस्त इथेनॉल’ या प्रचाराचीही हवा गेली.

71.32 मध्ये डीलरचं कमिशन मिळवा, लिटरमागे चारेक रुपये. झाले पंचाहत्तरच्या वर. म्हणजे आत धरलेल्या जीएसटीपलीकडे राज्याने एक पैसाही कर लावला नाही, केंद्राने लावला नाही, कंपनीने नफा घेतला नाही, तरी ई100 महाराष्ट्रात ई20 पेक्षा स्वस्त धावत नाही. दिल्लीत तर 2025 मध्ये पेट्रोल पंचाण्णवच्या आत होतं, तिथे ई100 सदुसष्ट रुपयांच्या खाली हवं होतं, आणि ती किंमत खरेदीदरापेक्षाही कमी होती. ई85 ची गोष्ट किंचित बरी. पंचाऐंशी टक्के इथेनॉलचे साठ रुपये, उरलेल्या पंधरा टक्के पेट्रोलचे कर धरून साडेपंधरा, वर कमिशन. ऐंशीच्या घरात जातं. फायदा नाही, तोटा नाही. आणि महाराष्ट्राचा पेट्रोलवरचा 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, हे सगळं उद्या ई100 ला लावलं तर ते 99 रुपयांवर जाईल. मग फ्लेक्स-फ्युएल गाडीचा मालक आयुष्यभर त्यात ई20 च भरेल, आणि गाडीवरचा बिल्ला पुसत बसेल.

गाडी थोडी महागही पडते. नीती आयोगाच्याच अंदाजाने फ्लेक्स-फ्युएल चारचाकी 17 ते 25 हजारांनी आणि दुचाकी 5 ते 12 हजारांनी महाग. समजा ई85 पंच्याहत्तर रुपयांना मिळालं, म्हणजे कुणीतरी लिटरमागे पाच रुपये सोसले. पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या दुचाकीचा खर्च किलोमीटरला तेरा-चौदा पैशांनी कमी होईल. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे तेरा-चौदाशे रुपये वाचतील. जास्तीचे पाच हजार फिटायला पावणेचार वर्षं, बारा हजार फिटायला जवळजवळ नऊ. तोवर सीट दोनदा फाटलेली असते.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : टोयोटाची इनोव्हा. ऑगस्ट 2023 मध्ये नितीन गडकरी यांनी दिल्लीत तिचा फ्लेक्स-फ्युएल हायब्रिड नमुना सादर केला. इथेनॉलने अ‍ॅव्हरेज घटलं तरी बॅटरी आणि मोटर ते भरून काढतात, असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मग श्रेय कुणाचं? हायब्रिड गाडी पेट्रोलवरही तितकंच जास्त पळते. सासूने दिलेल्या पैशांनी सुनेची काटकसर मोजण्यासारखं आहे हे. त्याच वर्षी जुलैमध्ये राजस्थानातल्या प्रतापगडच्या सभेत गडकरी यांनी साठ टक्के इथेनॉल आणि चाळीस टक्के वीज अशी सरासरी धरली तर पेट्रोल पंधरा रुपये लिटर पडेल, असंही सांगितलं होतं. सभेत टाळ्या पडल्या असतील. वरच्या हिशेबात पंधरा रुपये कुठे बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

मग ब्राझीलमध्ये कसं जमतं, असं कुणीही विचारेल. विचारायलाच हवं, कारण आपल्याकडचा प्रत्येक मंत्री ब्राझीलचं नाव घेतो; आणि ब्राझीलची गोष्ट अर्धीच सांगतो.

ब्राझीलने 1975 मध्ये, तेलाच्या धक्क्यानंतर, अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1979 मध्ये फियाट 147 ही पूर्ण अल्कोहोलवर चालणारी गाडी बाजारात आली. 1980 च्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अल्कोहोलवरच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली, कारखाने साखरेकडे वळले आणि 1989-90 मध्ये पंपांवरचं अल्कोहोल संपलं. लोक रांगेत उभे, गाडीला दुसरं काही चालत नाही. लोकांचा विश्वास असा उडाला की दहा वर्षांत अशा नव्या गाड्यांची विक्री जवळजवळ शून्यावर आली. 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल नावाची फ्लेक्स गाडी आणली ती या पार्श्वभूमीवर. ती खपली ती इथेनॉल स्वस्त म्हणून कमी, आणि ‘उद्या इथेनॉल मिळालं नाही, महागलं, तर मी पेट्रोल भरीन’ ही खात्री मिळाली म्हणून जास्त. सरकारने आणि कारखान्यांनी एकदा फसवलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आलेलं ते शस्त्र होतं.

तिथला टॅक्सीवाला पंपावर शिरताना एक भागाकार करतो. इथेनॉलचा दर भागिले पेट्रोलचा दर. उत्तर 0.7 च्या खाली आलं तर इथेनॉल, वर आलं तर पेट्रोल. (त्यांच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतंच, 2015 पासून 27 टक्के आणि ऑगस्ट 2025 पासून 30 टक्के.) साओ पावलो राज्यात, उसाच्या माहेरघरात, हंगामात उत्तर 0.7 च्या खाली येतं, ऊस नसलेल्या दूरच्या राज्यांत क्वचितच. 2011 मध्ये साखर तेजीत होती तेव्हा इथेनॉल इतकं महागलं की ब्राझीलला मिश्रणाचं प्रमाण 25 वरून 20 टक्क्यांवर आणावं लागलं आणि अमेरिकेतून मक्याचं इथेनॉल आयात करावं लागलं. ऊस पिकवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या देशाची ही अवस्था. म्हणजे ‘ब्राझीलमध्ये इथेनॉलने पैसे वाचतात का’ या प्रश्नाचं तिथलं उत्तर ‘आज सकाळचा दर बघून सांगतो’ असं आहे.

फ्रान्समध्ये मात्र ई85 ने पैसे नक्की वाचतात. 2025 मध्ये तिथे साधं पेट्रोल पावणेदोन युरोच्या आसपास आणि ई85 पाऊण युरोच्या आत. गाडी पाव हिश्शाने जास्त प्यायली तरी मालक फायद्यात. कारण? पेट्रोलवरचा अबकारी कर लिटरला सुमारे 68 सेंट, ई85 वर सुमारे 12. इथेनॉल तिथेही फुकट तयार होत नाही, सरकारने कराची झोळी रिकामी ठेवली एवढंच.

आपल्याकडे उलटं घडलं आहे, आणि ते कसं घडलं हे समजण्यासाठी पुन्हा शिरोळकडे जावं लागतं.

साखर कारखान्यात साखर काढून उरलेली शेवटची मळी, जिला सी-हेवी म्हणतात, तिच्यापासूनचं इथेनॉल सर्वांत स्वस्त. 2024-25 चा दर 57 रुपये 97 पैसे. जीएसटी आणि कमिशन मिळवून ते पासष्टच्या आसपास पडेल, म्हणजे ई100 म्हणून विकलं तर महाराष्ट्रात गाडीवाल्याला खरोखर फायद्याचं. पण ही मळी किती? साखरेच्या मागे जितकी निघेल तितकीच. मिश्रण 2014 मध्ये दीड टक्का होतं, जून 2022 मध्ये दहा झालं, 2025 मध्ये वीस. एवढं इथेनॉल शेवटच्या मळीतून निघणं शक्यच नव्हतं. म्हणून बी-हेवी, म्हणजे थोडी साखर आत शिल्लक ठेवलेली मळी आली, 60 रुपये 73 पैशांची; मग थेट उसाचा रस, 65 रुपये 61 पैशांचा; मग मका, 71 रुपये 86 पैशांचा. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी 1,050 कोटी लिटर मागितलं, त्यात उसाच्या वाट्याला जेमतेम 28 टक्के आले आणि मक्याला 45 टक्क्यांहून जास्त. दर वर्षी प्रमाण वाढवत नेलं तसतसं स्वस्त इथेनॉल संपलं आणि महाग इथेनॉल टाकीत आलं. एरवी माल वाढला की भाव उतरतो. इथे माल वाढला तसा भाव चढला. अशा वेळी ‘आणखी मिसळू, म्हणजे आणखी वाचेल’ हे कुठल्या हिशेबाने?

शिवाय हा पुरवठा दिल्लीतल्या एका कागदावर अवलंबून आहे. 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला, ऊस खुरटला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती सैल केली, साखरेच्या सतरा लाख टनांची मर्यादा घातली, पुढच्या ऑगस्टमध्ये तीही उठवली. ब्राझीलमध्ये कारखाना बाजार बघून वळतो, आपल्याकडे परिपत्रक बघून. फ्लेक्स-फ्युएल गाडी घेणाऱ्याने मान्सूनचा अंदाजही वाचायला हवा.

हे सगळं मी मामांना ऐकवलं तेव्हा ते पायरीवर बसून चहा बशीत ओतत होते. म्हणाले, ‘‘तुझं अ‍ॅव्हरेज तीन किलोमीटरनं घटलं, म्हणून माझं बिल लटकवतोस व्हय?’’

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असा नियम आहे, पण साखर गोदामात पडून असेल आणि बँकेची उचल संपली असेल तर चौदाचे चाळीस होतात, हे आम्ही घरात पाहिलेलं आहे. साखरेचे पैसे विकली तेव्हा येतात, इथेनॉलचे तेल कंपनीकडून तीनेक आठवड्यांत. मामांच्या दृष्टीने इथेनॉल म्हणजे वेळेवर आलेलं बिल, आणि वेळेवर आलेल्या बिलाची किंमत ज्याने पोरीचं लग्न पुढे ढकललंय त्यालाच कळते. शिवाय सरकार सांगतं की 2014-15 पासून इथेनॉलमुळे 1.44 लाख कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलं. तेही मला मान्य आहे.

पण परकीय चलन वाचणं म्हणजे पैसे वाचणं नव्हे. जे रुपये आखातात गेले असते ते डिस्टिलरीत, मक्याच्या व्यापाऱ्याकडे, थोडे मामांकडे गेले. देशाच्या दृष्टीने हे चांगलं. मात्र ते रुपये दिले कुणी? पंपावर झिरो बघणाऱ्याने. त्याच्या लिटरमधली ऊर्जा कमी झाली, दर तोच राहिला. शेतकऱ्याला मदत करायची तर ती अर्थसंकल्पात लिहून, सगळ्यांच्या करातून करावी. स्विगीची पिशवी पाठीवर घेऊन दिवसाला दीडशे किलोमीटर पळणाऱ्या पोराच्या टाकीतून गुपचूप काढून घेऊ नये. मामा यावर काही बोलले नाहीत. चहा संपवून म्हणाले, ‘‘पाण्याचंही लिही.’’ हे मात्र त्यांच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे 2,860 लिटर पाणी लागतं. शिरोळला त्याचं काही वाटत नाही, तिथे पाण्याचा प्रश्न पुराचा असतो. पण तोच ऊस सोलापूर आणि मराठवाड्यातही उभा आहे, आणि त्या पाण्याचा दर कुठल्याच फलकावर नाही.

मग करायचं काय? फ्लेक्स-फ्युएल गाड्यांना माझा विरोध नाही. उलट ई20 च्या आजच्या सक्तीपेक्षा मला त्या जास्त प्रामाणिक वाटतात. आज पंपावर जुनी गाडी घेऊन येणाऱ्याला पर्याय नाही; साध्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट माहिती मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. फ्लेक्स-फ्युएल गाडीत निदान निवड आहे. मात्र निवड करायला दोन नोझल लागतात, आणि दोन्हींवर खरा दर लागतो. पुण्यातले तीन पंप सोडा, मार्च 2024 मध्ये पाच राज्यांतल्या 183 पंपांवर ई100 सुरू झालं, महाराष्ट्र त्यात होता. टीव्हीएसने अपाचेची ई100 आवृत्ती 2019 मध्येच आणली होती, होंडाने 2024 मध्ये आणि सुझुकीने 2025 मध्ये ई85 वर चालणाऱ्या मोटारसायकली आणल्या. म्हणजे गाड्या आधी, पंप मागून आणि दर सर्वांत शेवटी. बैलगाडी बैलांच्या पुढे.

माझी मागणी दूध संस्थेतल्या म्हातारीइतकीच आहे. पंपावरच्या फलकावर लिटरच्या दराशेजारी ऊर्जेचा दर लिहा. ई20 इतके रुपये, ई85 इतके, आणि खाली शंभर मेगाज्यूलला किती पडले ते. तेवढी एक ओळ आली की पुढचं भाषण लागत नाही, गिऱ्हाईक स्वतः नोझल निवडेल. ई20 चा दर निदान दुचाकीची जितकी धाव घटते तितका उतरवा. केंद्राचा अबकारी आणि राज्याचा व्हॅट मिळून 2025 मध्ये लिटरमागे पंचेचाळीसेक रुपये घेतले जात होते, त्यातले तीन-चार सोडणं जड नाही. ई85 आणि ई100 वर राज्याने कर लावायचा नाही, असं निदान दहा वर्षांसाठी लिहून द्यावं. नाहीतर लोकांनी बारा हजार जास्त मोजून गाडी घ्यायची आणि तिसऱ्या वर्षी तिजोरी आटली म्हणून कर लागायचा. सीएनजीवर भरवसा ठेवलेल्या रिक्षावाल्यांना विचारा, ‘स्वस्त इंधन’ किती वर्षं स्वस्त राहतं ते. आणि मिश्रण वीसच्या पुढे नेण्याआधी ते वाढीव इथेनॉल कशापासून येणार आणि लिटरला केवढ्याला पडणार, हे आधी छापा.

मामांच्या धाकट्याला नवी मोटारसायकल घ्यायची आहे. कॉलेज जयसिंगपूरला, रोजचं जाणंयेणं वीस-बावीस किलोमीटर. कुणीतरी त्याला फ्लेक्स-फ्युएलचं सांगितलं. ‘‘दादा, घेऊ का?’’ म्हणून त्याने मला विचारलं. मी त्याला सांगितलं, पेट्रोलच्या दराला तीनने गुण, चारने भाग, आणि ई85 त्याच्या खाली मिळत असेल तर घे. त्याने मोबाइलवर लगेच आकडा काढला. अठ्ठ्याहत्तर.

‘‘आणि मिळतं कुठं?’’ मामांनी विचारलं.

त्यांच्या बांधावरून डिस्टिलरीचं धुराडं दिसतं. हंगामात वारा फिरला की मळीचा वास थेट माजघरात येतो. आम्ही तिघंही मोबाइल घेऊन पंप शोधत बसलो.